पंच्याण्णवची गाडी आणि आमचे सोमवार

खिडकीत शिलाई मशीन असलेल्या बाईला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. पायाखाली कातरण साठतं तसे ते साठतात. कितीही झाडा, कोपऱ्यात एखादा राहतोच. उदगीरच्या आमच्या गल्लीत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस माझ्या खिडकीसमोरून जातो. मी काही मुद्दाम बघत नाही. मान वर केली की दिसतं, आणि पिको करताना मान सारखी वर करावीच लागते.

गेल्या दुष्काळातले माझ्याकडचे किस्से मात्र सगळे पेट्रोलचे आहेत. खरं तर पाण्याचे असायला पाहिजे होते. पण त्या साली पाणी सगळ्यांकडंच नव्हतं, त्यामुळं त्यात जळण्यासारखं काही नव्हतं. पेट्रोलमध्ये होतं.

*

श्रावण कोरडा गेला आणि भादव्यात समोरच्या शिवराजआप्पांच्या दारात टेम्पोतून मोटारसायकल उतरली. आप्पांचं चौबाऱ्यात भांड्यांचं दुकान. गाडी त्यांनी घेतली नव्हती, पुण्याला नोकरीला असलेल्या पोरानं बापाला पाठवली होती. काळीभोर, पुढून टोळासारखी, आणि मागची सीट एवढी उंच की मागं बसणाऱ्याला आप्पांच्या डोक्यावरून रस्ता दिसावा.

आप्पांची बायको महानंदा माझी मैत्रीण. दोघी एकाच साली लग्न होऊन ह्या गल्लीत आलो. तेव्हापासून दर सोमवारी गावाबाहेरच्या महादेवाला आम्ही पायी जायचो. जाताना लवकर पोचायचो, येताना उशीर व्हायचा, कारण येताना देवाची घाई नसायची. माझ्या सासूचं, तिच्या जावेचं, सगळं त्याच वाटेवर सांगून व्हायचं.

तर गाडीला हळदीकुंकू लावता लावता महानंदा मला म्हणाली, “सुमन, हिला साधं पेट्रोल चालत न्हाई बरं का. पोरगं फोनवर सांगत होतं, पंच्याण्णवचंच टाका म्हणून.”

“पंच्याण्णव म्हणजे काय गं?”

“नंबर असतोय. साध्याला एक्याण्णव. पंच्याण्णवचं आपल्याकडं फक्त नांदेड रोडच्या पंपावर मिळतंय.”

आमचे मालक शाळेत शिपाई आहेत. त्यांची गाडी आमच्या लेकीच्या लग्नाच्याही आधीची. संध्याकाळी ते घरात आले तसं मी विचारलं, “अहो, आपल्या गाडीत कितीचं टाकता?”

“खिशात असतेत तेवढ्याचं.”

“तसं न्हाई. मार्क किती? महानंदाच्या गाडीचं पंच्याण्णवचं हाय.”

मालकांनी चप्पल काढली, पाय झटकले आणि म्हणाले, “मग आपलं पस्तीसचं धर. काठावर पास.”

*

दुसऱ्या दिवशी आप्पा गल्लीतल्या माणसांना गाडी समजावून सांगत होते. इंजिन साध्या गाडीसारखं वाऱ्यानं थंड होत नाही, आत पाण्यासारखं काहीतरी फिरतं, त्यानं थंड होतं, असं काहीतरी. माणसं गाडीभोवती वाकून बघत होती.

आमच्या सासूबाई ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होत्या. गल्लीत टँकर येऊन आठवडा होत आला होता. त्यांनी तिथूनच विचारलं, “शिवराज, म्हणजे ही पाणी बी पितीय का?”

“पाणी न्हाई काकू. हिरवं औषध असतंय त्यात.”

“औषध.” सासूबाईंनी मान हलवली. “एवढ्या मोठ्या दुष्काळात आणली ती आणली, आणि आजारी आणली.”

मला त्या रात्री झोप चांगली लागली.

*

पुढच्या सोमवारी मी ताट घेऊन दारात उभी राहिले. समोर आप्पा गाडीवर बसलेले, हेल्मेट घातलेलं, आणि महानंदा मागच्या सीटवर चढायच्या तयारीत. चढायची म्हणजे खरोखर चढायची. आधी ओट्यावर उभी राहिली, मग आप्पांचा खांदा धरला, मग एका अंगानं बसली. काठपदराची साडी, हातात बेलाची पिशवी.

“सुमन, हे म्हणले सोडतो म्हणून. तू ये मागनं,” ती वरून म्हणाली. वरून म्हणजे वरूनच.

मी म्हणलं, “जा की. गाडी हाय तर कशाला पाय दुखवायचे.”

मी चौकाच्या पुढं जाईपर्यंत ती दर्शन घेऊन परत येताना दिसली. तिनं हात केला. मीही केला. एका हातात ताट असताना दुसरा हात जितका वर जातो तितकाच.

त्या दिवशी देवळात पुजारी मला म्हणाला, “आज जोडी फुटली वाटतं?” मी घंटा जरा जोरात वाजवली.

त्यानंतरचे सगळे सोमवार असेच गेले. माझ्या नणंदेनं गौरीच्या सणाला येऊन वाटणीवरून केवढा गोंधळ घातला, ते मी सांगणार कोणाला? मालकांना सांगितलं तर ते “बरं” म्हणतात. सासूबाईंना सांगता येत नाही, त्यांचीच लेक.

*

आता खरं सांगायचं तर, मला त्या गाडीचं काही नव्हतं. पण रोज उठून खिडकीसमोर ती काळी गाडी, आणि आमच्या दारात आमची. सीट फाटलेली, मी स्वतः रेग्झिनचा तुकडा लावून शिवलेली.

मी मालकांच्या मागं लागले. “एकदा तरी पंच्याण्णव टाकून बघा. काय सांगावं, आपली बी तशी पळंल.”

सासूबाई म्हणाल्या, “टाकू नकोस रे. म्हातारं बैल हाय ते. कडब्यावर चाललंय. एकदम सरकी चारली तर बसंल.”

“आत्या, गाडी हाय ती.”

“मग तर आणखीन. बैलाला पोट दुखलं तर कळतंय तरी.”

शेवटी एका रविवारी मालकांनी मला मागं बसवलं, नांदेड रोडच्या पंपावर नेलं. पंपावरचा माणूस आमच्या गाडीकडं बघून म्हणाला, “मामा, साधंच टाकतो. हिला साधंच बरोबर हाय, पंच्याण्णवनं काही फरक पडणार न्हाई.”

मालकांनी अंगठ्यानं मागं माझ्याकडं दाखवलं. “फरक गाडीला पाडायचा न्हाई.”

त्यानं पंच्याण्णव टाकलं.

येताना मी कान देऊन बसले होते. इंजिनाचा आवाज बदलतोय का, झटका मारतीय का. वेशीपर्यंत एक शब्द बोलले नाही. घराजवळ आल्यावर विचारलं, “काही फरक?”

“हाय तर. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा तू मागं बसून गप होतीस.”

*

दसऱ्याला गाड्या धुवायच्या, हार घालायचा, ही आमच्या गल्लीची रीत. पण त्या साली घागरी धुवायला पाणी नव्हतं, तर गाड्या कुठल्या धुवायच्या. सगळ्यांनी ओल्या फडक्यानं पुसून घेतल्या. आमच्या गाडीला तर मी नुसतंच कुंकू लावलं. धूळ होती म्हणून कुंकू चांगलं बसलं.

आप्पांनी मात्र दुकानातून पाण्याचा जार आणला. विकतचं, प्यायचं, गोड पाणी. महानंदा तांब्यानं गाडीवर घालत होती आणि आप्पा हातानं चोळत होते. गल्लीतल्या बायका दारादारात उभ्या. कोणी बोललं नाही, पण कोणी आतही गेलं नाही.

महानंदाला ते जाणवलं असावं. ती आपणहून म्हणाली, “बोअरच्या पाण्याचे डाग पडतेत बाई. पोरगं लई ओरडतंय.”

तेवढ्यात आमच्या सासूबाई परात घेऊन रस्ता ओलांडून गेल्या आणि गाडीखाली ती सरकवली.

“काकू, हे काय?” आप्पा म्हणाले.

“तिची अंघोळ चालू दे रे. खाली पडलेल्यात माझं लुगडं होतंय.”

आणि खरंच त्या ती परात भरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. लुगडं धुतलं. वाळत टाकलं. दिवसभर ते समोरच्या दाराकडं तोंड करून हलत होतं.

*

आमच्या गल्लीच्या टोकाला कांबळे सर राहतात. हायस्कुलात विज्ञान शिकवतात. बोलणं हळू, पण बोलले की माणसं थांबतात. एकदा संध्याकाळी किराणा दुकानाच्या बाकड्यावर पेट्रोलवरून वाद लागला. एक जण म्हणे पंच्याण्णवनं गाडी पळते जास्त, दुसरा म्हणे इंजिन लवकर जळतं. मी साखर आणायला गेले होते, आणि साखर घेऊन झाली तरी उभी होते.

सर म्हणाले, “पळायचा संबंध नाही. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते. दाब जास्त झाला की पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आधीच पेट घेतं. मग ठकठक आवाज येतो, इंजिनाला मार बसतो. हा नंबर म्हणजे पेट्रोल किती दाब सहन करतं त्याचा. आप्पांच्या इंजिनात दाब जास्त, त्यांना पंच्याण्णव बरं. तुमच्या-माझ्या गाडीत दाबच कमी, तिथं एक्याण्णव पुरतं. जास्तीचं टाकलं तर नुसतं वाया.”

“आणि आप्पांनी एखाद वेळी साधं टाकलं तर?” कोणीतरी विचारलं.

“काही होत नाही. चढाला, ओझं असताना जरा ठकठक वाटली तर हळू चालवायची. नंतर पुन्हा पंच्याण्णव टाकायचं.”

आप्पा जरा खट्टू झाले. “तुमचं बरोबर असंल सर. पण मन भरत न्हाई.”

आमचे मालक मात्र खुश झाले होते. “म्हणजे नंबर जोराचा न्हाईच. सहन करायचा हाय. मग आमच्या घरात शंभर नंबरी मीच हाव.”

सर माझ्याकडं बघून हसले. मी म्हणलं, “सर, तुमच्या गणितात एक चूक हाय. दाब कोण देतंय ते बी मोजत जावा.”

“वहिनी, ते अजून अभ्यासक्रमात नाही,” सर म्हणाले.

*

संक्रांतीला महानंदा दरवर्षी वाण म्हणून स्टीलची वाटी द्यायची. दुकानच भांड्याचं. आणि मी दरवर्षी त्याच्यापुढं काय द्यावं ह्याचा पौषापासून विचार करायची. ह्या वेळी मी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, जाळी बारीक, दांडी लांब. मला वाटलं, ह्या वर्षी माझं वाण वर राहणार.

महानंदाच्या अंगणात गेले तर ओळीनं पाण्याचे जार मांडलेले. प्रत्येकीला हळदीकुंकू, तिळगूळ, आणि घरून आणलेली घागर भरून गोड पाणी. तिनं आदल्या दिवशीच निरोप धाडला होता की वाणाला येताना घागर आणा. कशाला, ते कोणाला कळलं नव्हतं.

बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दसऱ्याला नाक मुरडणाऱ्या त्याच बायका. शेजारची म्हातारी तर महानंदाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत होती.

मी माझी घागर घरी आणली, एक पेला भरून प्याले. पाणी फार गोड होतं. तेच जास्त लागलं.

*

त्याच दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी पुन्हा हूल उठली. अशी हूल दर वर्षा-दोन वर्षांनी उठते. प्रत्येकाच्या मोबाइलवर नव्या जिल्ह्याचा नकाशा, आणि प्रत्येक नकाशात वेगळी गावं.

माझा भाऊ बालाजी मुखेडहून आला होता. मुखेड नांदेड जिल्ह्यातलं, पण त्या नकाशात ते आमच्याकडं ओढलेलं. आप्पांनी त्याला दारातच गाठलं. “काय पाव्हणं, येताव का आमच्या जिल्ह्यात?”

“आम्ही कशाला येतो? आमचं नांदेड काय वाईट हाय?”

“बघा बाबा. आता उदगीर म्हणजे मोठं होणार. कलेक्टर येतो, सगळी ऑफिसं येतेत.” आप्पांनी गाडीच्या टाकीवर थाप मारली. “मुखेडला पंच्याण्णवचं पेट्रोल तरी मिळतंय का?”

बालाजीनं शांतपणे गाडीला एक फेरी मारली.

“न्हाई मिळत. साधं मात्र रोज मिळतंय. पाणी मिळतंय पंधरा दिसाला. तवा जिल्हा करताना तेवढं बघा म्हणावं, कलेक्टर साहेबाच्या आधी टँकर पाठवा. कलेक्टर साध्यावर आला तरी चालंल.”

आप्पा हसले. मीही हसले, जरा जास्तच. महानंदा दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, आणि हसत नव्हती. मला वाटलं, रागावली. मनात आलं, रागावली तर रागावली. तिला काय, सोमवारी गाडी आहे.

*

आता शिवरात्रीचं सांगते.

मुखेडच्या वाटेला माळावर एक जुना महादेव आहे. शिवरात्रीला तिथं जत्रा भरते, आसपासची सगळी गावं लोटतात. मालकांना सुट्टी होती. मी आदल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतं की ह्या वेळी मी पायी जाणार नाही. एकटीनं तर नाहीच.

सकाळी मी मालकांच्या मागं बसले. नवी साडी, मांडीवर ताट, फडक्यात बांधलेलं. ऊन चढत होतं, दोन्ही बाजूंना कोरडं रान, पण मला बरं वाटत होतं. गाडी हळू चालली होती तरी वारा लागत होता. मनात म्हणलं, आज देवळापाशी महानंदाच्या समोर उतरायचं. साडीचा काठ न सांभाळता, सावकाश.

वाटेवरचं कोरडं तळं ओलांडल्यावर चढाला पुढं कोणीतरी मोटारसायकल ढकलताना दिसलं. जवळ गेलो तर शिवराजआप्पा. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, सदऱ्याची पाठ घामानं भिजलेली. आणि त्यांच्या मागं दोन पावलांवर बेलाची पिशवी घेऊन महानंदा.

मालकांनी गाडी थांबवली. “काय झालं आप्पा?”

“पेट्रोल संपलं ना.” आप्पांनी गाडी स्टँडला लावली. “सकाळी पंपावर गेलो, पंच्याण्णव नव्हतं. पेट्रोलचा टँकर आला न्हाई म्हणले. मी म्हणलो, साधं टाकून घेऊ थोडं, कांबळे सर म्हणलेत काही होत न्हाई. तर ही म्हणली, नको. काट्यावर हाय अजून, जाऊन येतो आरामात.”

आम्ही सगळ्यांनी महानंदाकडं बघितलं. ती माळाकडं बघत होती.

“आप्पा, तुम्ही थांबा हितंच,” मालक म्हणाले. “फाट्यावर दुकानात बाटलीत मिळतंय. घेऊन येतो.”

“पंच्याण्णव असंल का तिथं?”

“तिथं दोनच प्रकार असतेत आप्पा. हाय, न्हाईतर न्हाई.”

मालकांनी मला म्हणलं, “तू बस, फाट्याला जाऊन येऊ.” मी ताट घट्ट धरून बसलेच होते. किती दिवसांनी ती खाली होती आणि मी वर. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या पायांत चप्पल नव्हती. ती कागदात नीट गुंडाळून, वेगळ्या पिशवीत घालून गाडीच्या हँडलला अडकवलेली होती, टाच तेवढी वर दिसत होती. शिवरात्रीला आम्ही कायम अनवाणीच चालायचो. पण गाडीवरून येणारी बाई घरातूनच चप्पल पिशवीत घालून निघते, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी गाडीवरून उतरले.

“कशाला उतरलीस?” मालक म्हणाले.

“तुम्ही जावा. आम्ही होतो पुढं.”

मीही चपला काढल्या आणि मालकांच्या गाडीला अडकवल्या. मालक फाट्याकडं गेले. आप्पा गाडीच्या सावलीत बसले. आम्ही दोघी चढ चढायला लागलो. माती तापली नव्हती अजून.

मग महानंदा म्हणाली, “त्या सीटवर बसून माणसाची कंबर जातीय बघ. आणि बोलायचं कुणाशी? ह्यांच्या डोक्यावर हेल्मेट. मी मागून काही म्हणलं की ते म्हणतेत, काय? पुन्हा म्हणलं की, काय? तवर देऊळ येतंय.”

“मग सांगायचंस की आप्पांना.”

“पोरानं एवढ्या हौसेनं पाठवलीय. ह्यांना बी हौस. सांगू कसं?”

माझ्या डोळ्यांत धूळ गेल्यासारखं झालं, माळावर वारा होताच.

मागून दोन्ही गाड्यांचा आवाज आला. मालक आणि आप्पा आमच्याजवळ येऊन थांबले. आप्पांची गाडी चढाला जरा ठकठक करत होती, आणि ते कान देऊन ऐकत होते, चेहरा पडलेला.

“बसा,” मालक म्हणाले. “दोघी बी बसा.”

“तुम्ही व्हा पुढं,” महानंदा आप्पांना म्हणाली. “सर म्हणलेत ना, साधं टाकलं की चढाला ओझं नको. मी बसले आणि इंजिनाला काही झालं तर पोराला काय सांगताव?”

आप्पांना ते पटलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं.

“आणि तुझं काय? आपल्या गाडीला तर साधंच लागतंय.”

“तुम्ही जावा हो,” मी म्हणलं.

दोन्ही गाड्या, दोन्ही मागच्या सीटा रिकाम्या, चढावरून पलीकडं दिसेनाशा झाल्या. धूळ खाली बसली. जत्रेतल्या भोंग्याचा आवाज अजून लांब होता.

“महानंदा,” मी म्हणलं, “सकाळी काट्यावर खरंच होतं का गं पेट्रोल?”

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, बेलाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

“मला कुठं काटा कळतोय बाई,” ती म्हणाली. “तू हळू चाल, आणि तुझ्या नणंदेचं सांग. गौरीपासनं सांग, काही गाळू नको.”